सहा का दहा? प्रशिक्षणासाठी ऑडिओ फाइलचा फॉरमॅट निवडताना

"ताई, सहा का दहा हो?"

तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये आशाताईंचं प्रशिक्षण चालू होतं. टेबलावर ब्लूटूथ स्पीकर होता आणि त्यातून माझाच आवाज सांगत होता की, ओआरएसचं पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर घाला, चमचा चहाचा आणि सपाट. मी ऑडिओ थांबवला आणि कोणी काय लिहिलंय ते विचारलं. जवळजवळ निम्म्या वह्यांत 'दहा' होतं. साखर इतकी जास्त झाली की ते पाणी अंगी लागायचं सोडून उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. म्हणजे शिकवायला गेलो एक आणि शिकवलं भलतंच.

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. 'सहा'मधला 'स' काचेसारखा स्वच्छ होता. मग बिघडलं कुठे? माग काढला तेव्हा कळलं. मी ती फाइल 'लहान करून पाठवा' म्हटल्यामुळे जरा जास्तच लहान केली होती. ज्यांना पाठवली त्यांच्यापैकी एकाला ती उघडेना, म्हणून दुसऱ्याने आपल्या फोनवर ती वाजवून शेजारी दुसरा फोन धरला आणि व्हॉइस नोट करून ग्रुपवर टाकली. हॉलमध्ये वाजली ती ही व्हॉइस नोट, तीही ब्लूटूथवरून. दळलेलं पीठ पुन्हा पुन्हा दळावं तसा आवाज चार वेळा दळून आला होता आणि त्यात 'स' उडून गेला होता.

तेव्हापासून मी फॉरमॅटचा विचार उलट्या टोकाने करते. फाइल कुठे वाजणार, कशावर वाजणार आणि ऐकणाऱ्याला त्यातलं नेमकं काय चुकवून चालणार नाही, हे आधी ठरवायचं. मग मागे मागे येत रेकॉर्डिंगपर्यंत यायचं. 'सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता' हा प्रश्न मला हल्ली 'सगळ्यात चांगली चप्पल कोणती' यासारखा वाटतो. पण हे नीट कळायला आवाज फाइलीत कसा बसतो ते थोडं बघावं लागेल.

आवाज म्हणजे हवेची थरथर. माइक तिचं विजेत रूपांतर करतो आणि यंत्र त्या विजेची पातळी ठरावीक वेळाने मोजून आकडा लिहून ठेवतं. नदीवरच्या पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली असते आणि पावसाळ्यात कोणीतरी दर तासाला येऊन पाण्याची पातळी लिहून जातं, तसंच. फक्त इथे नोंद तासाला एकदा होत नाही, सेकंदाला हजारो वेळा होते. सोनी आणि फिलिप्सने १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली तेव्हा सेकंदाला ४४,१०० नोंदी हा आकडा ठरला. त्यामागे साधा नियम आहे: जितकी वेगवान थरथर पकडायची असेल, तिच्या दुपटीहून जास्त नोंदी घ्याव्या लागतात. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० थरथरींपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट ४०,०००, त्यावर थोडी मोकळीक.

साध्या टेलिफोनचा हिशेब फार कंजूष. तिथे सेकंदाला ८,००० नोंदी, आणि प्रत्यक्षात जेमतेम ३०० ते ३,४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या थरथरी, एवढाच पट्टा पलीकडे जातो. आता गंमत अशी की 'अ', 'आ', 'ओ' हे स्वर या पट्ट्यात आरामात बसतात, पण 'स'चा मुख्य जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे फोनवर 'स' बराचसा कापलाच जातो. तरी आपण रोज फोनवर बोलतो, आपलं काही अडत नाही, कारण मेंदू संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो. 'बाळाला सर्दी झालीय' हे वाक्य 'स' नसतानाही कळतं. पण 'सहा चमचे' आणि 'दहा चमचे' ही दोन्ही वाक्यं तिथे सारखीच शोभतात. तिथे मेंदूला धरायला काहीच सापडत नाही. आकडे, औषधांची नावं, गावांची नावं, माणसांची आडनावं: ज्या शब्दांचा अंदाज बांधता येत नाही, त्यांनाच खराब ऑडिओचा फटका बसतो. आणि प्रशिक्षण म्हटलं की नेमके हेच शब्द महत्त्वाचे.

आता आकारमान. सीडीच्या दर्जाचा दोन बाजूंचा, म्हणजे स्टीरिओ आवाज जसाच्या तसा ठेवला तर मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी लागतात. तासाला ६३५ एमबी. अशा न दाबलेल्या फाइलीला आपण वेव्ह म्हणतो. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये तिची रचना ठरवली. ती उघडायला, कापायला, जोडायला अगदी सोपी, आणि कितीही वेळा जतन केली तरी तिच्यातलं काही जात नाही. मी रेकॉर्डिंग नेहमी वेव्हमध्येच करते. पण माझा बारा मिनिटांचा एक धडा, एकाच बाजूचा म्हणजे मोनो असला तरी, वेव्हमध्ये ६३ एमबीच्या पुढे जातो. असे वीस धडे ग्रुपवर टाकले तर डेटा पॅक संपलेल्या ताईंचे फोन मलाच येतील.

म्हणून फाइल लहान करायची. ती दोन प्रकारे होते आणि हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. पहिला प्रकार घडी घालण्याचा. पैठणी घडी घालून कपाटात ठेवली की जागा कमी लागते, आणि उलगडली की काठापदरासकट तीच साडी. फ्लॅक हा फॉरमॅट असा आहे. तो २००१ पासून आहे, फुकट आहे, आणि वेव्हची फाइल साधारण निम्म्यावर आणतो, एकही आकडा न गमावता. दुसरा प्रकार कात्रीचा. नको असलेलं कापड कापून टाकायचं आणि उरलेलं नेसायचं. एमपीथ्री, एएसी, ओपस, जुन्या फोनमधला एएमआर हे सगळे कात्रीवाले. कापलेला तुकडा परत येत नाही. एमपीथ्रीची वेव्ह केली तर फाइल मोठी होते, आवाज सुधारत नाही. हे मी इतक्या लोकांना समजावलंय की आता पाठ झालंय, तरीही महिन्यातून एकदा कोणीतरी म्हणतंच, "अहो ताई, आम्ही मुद्दाम वेव्हमध्ये कन्व्हर्ट करून पाठवलीय, क्वालिटी चांगली यावी म्हणून."

पण कात्रीला नावं ठेवू नका. ती आंधळी नाही. एमपीथ्रीची खरी करामत काय कापायचं ते ओळखण्यात आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीत ढोलपथक समोर आलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तो ओरडतोय, त्याचे ओठ हलतायत, हवा थरथरतेय, पण आपल्यापुरता तो आवाज नाहीच. मोठा आवाज त्याच्या जवळपासच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकून टाकतो. इतकंच नव्हे, टिपरू पडल्यानंतरचा क्षणभरही कान बधिर असतो. जर्मनीत एरलांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी, त्यातलं मुख्य नाव कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग, कानाच्या याच आंधळ्या जागा हेरल्या. जे झाकलंच जाणार ते साठवायचं कशाला? १९९३ मध्ये हे तंत्र आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं आणि १९९५ च्या जुलैमध्ये फाइलच्या नावापुढचं ते तीन अक्षरी शेपूट ठरलं.

त्या कथेतला एक तपशील आपल्या कामाचा आहे. ब्रांडेनबुर्ग यांनी हे तंत्र घासूनपुसून घेताना अमेरिकन गायिका सुझान व्हेगा हिचं एकही वाद्य नसलेलं गाणं वापरलं, कारण सुरुवातीला त्या एकट्या आवाजाची भयंकर वाट लागत होती. वाद्यांच्या गर्दीत चूक लपते. एकटं माणूस बोलत किंवा गात असेल तर लपायला जागाच नसते. म्हणजे 'नुसतं बोलणं तर आहे, कसंही चालेल' हा समज अर्धाच खरा. बोलण्याला जागा कमी लागते हे खरं, पण बोलण्यातली खोट कान लगेच पकडतो.

किती कापायचं ते बिटरेट ठरवतो: एका सेकंदाच्या आवाजाला किती माहिती खर्चायची. तो केबीपीएसमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट. माझ्या बारा मिनिटांच्या धड्याचाच हिशेब घ्या. वेव्हमध्ये ६३ एमबी. ६४ केबीपीएसच्या मोनो एमपीथ्रीत पावणेसहा एमबी. ओपसमध्ये २४ केबीपीएसला दोन एमबीच्या जरा वर. आणि एएमआरमध्ये, त्याच्या सगळ्यात चांगल्या म्हणजे १२.२ केबीपीएसच्या दर्जालाही, जेमतेम ११०० केबी. हा शेवटचा आकडा बघून कोणालाही मोह होईल. पण साधा एएमआर मोबाइलवरच्या कॉलसाठी बनला, त्यात सेकंदाला ८,००० नोंदीच आहेत, म्हणजे 'स' दारातच अडतो. एमपीथ्रीसुद्धा ३२ केबीपीएसवर आणली की 'स', 'श', 'छ' पाण्यात बुडवल्यासारखे खळखळतात आणि 'ट', 'ठ' यांची धार जाते. मी केलेली चूक हीच.

बोलण्यासाठी मोनो एमपीथ्री, ६४ केबीपीएस, बिटरेट कायम एकच. दहातल्या नऊ प्रशिक्षणांना माझं हेच उत्तर असतं आणि ते ऐकून ध्वनितंत्र जाणणारी मित्रमंडळी नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. एएसी १९९७ पासून आहे, आणि तेवढ्याच बिटरेटला एमपीथ्रीपेक्षा सरस वाजतो. ओपस तर २०१२ चा, त्यात स्काइपच्या बोलण्यासाठी बनवलेलं तंत्रही मिसळलंय, आणि कमी बिटरेटवर माणसाच्या आवाजाला तो ज्या मायेने वागवतो तसं बाकी कोणी वागवत नाही. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ओपसमध्येच असते. पण आमच्या हॉलमधला स्पीकर कोणता? बाजारातून आणलेला, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डची खाच असलेला, हँडलवाला. माझ्या पाहण्यात असा एकही स्पीकर आलेला नाही जो ओपस वाजवतो. एएसीची खात्री नाही, कधी वाजतो, कधी लाल दिवा लुकलुकतो. एमपीथ्री मात्र कीपॅडच्या फोनपासून जीपच्या टेपपर्यंत सगळीकडे वाजते. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिच्या पेटंटचा परवाना कार्यक्रमही अधिकृतपणे बंद झाला, त्यामुळे ती आता कोणाच्या मालकीची राहिलेली नाही. नव्या फॉरमॅटने वाचणारे साडेतीन एमबी आणि हॉलमध्ये चाळीस बायका ताटकळत बसलेल्या, यातलं महाग काय?

जागेचा प्रश्न तसाही राहिलेला नाही. ८ जीबीच्या कार्डावर ६४ केबीपीएसचे धडे पावणेतीनशे तासांच्या वर बसतात. अडचण फक्त पाठवण्याची असते, आणि सहा एमबी कुठल्याही पॅकला झेपतात.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. फाइलच्या नावाचं शेपूट आणि आतला फॉरमॅट या दोन गोष्टी आहेत. डबा आणि भाजी. आयफोनच्या रेकॉर्डरमधून किंवा झूमच्या रेकॉर्डिंगमधून येणारी एमफोरए ही फाइल म्हणजे डबा, आणि आतली भाजी बहुतेक वेळा एएसी. ऑग नावाच्या डब्यात ओपसही असू शकतो आणि वॉर्बिस नावाचा त्याचा थोरला भाऊही. काही लोक फाइलचं नाव बदलून शेपटाला एमपीथ्री लावतात आणि म्हणतात, झालं कन्व्हर्ट. डब्यावर 'बासुंदी' अशी चिठ्ठी चिकटवल्याने आतल्या भेंडीचं काही होत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये ती फाइल वाजते, कारण व्हीएलसी चिठ्ठी न वाचता झाकण उघडून बघतं. म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि हॉलमध्ये तोंडावर पडतो. खरं रूपांतर करायला ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. फाइल उघडा, मोनो करा, एक्सपोर्टमध्ये जाऊन एमपीथ्री आणि ६४ निवडा. दोन मिनिटांचं काम.

मोनो का, तर बोलणारं तोंड एक आहे. स्टीरिओ फाइलीत तेवढेच बिट दोन बाजूंत वाटायचे आणि हॉलमध्ये स्पीकर एकच, मग उपयोग काय? दुसरं कारण अनुभवाचं. कॉलरला लावायचा माइक बरेचदा फक्त डाव्या बाजूला रेकॉर्ड होतो. हे हेडफोन लावल्याशिवाय कळत नाही. एका ठिकाणी हॉलच्या दोन टोकांना दोन स्पीकर होते आणि उजवीकडची मंडळी सगळा वेळ शांत बसून होती. मला वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतायत. त्यांच्या स्पीकरमधून काही येतच नव्हतं.

बिटरेट कायम ठेवायचं कारणही असंच जमिनीवरचं. बदलत्या बिटरेटची फाइल दिसायला शहाणपणाची: शांत जागी कमी माहिती, गजबजलेल्या जागी जास्त. पण जुनी आणि स्वस्त यंत्रं अशा फाइलची लांबी चुकीची दाखवतात, आणि 'सातव्या मिनिटावर जा' म्हटलं की भलतीकडेच जातात. प्रशिक्षणात आपण सतत मागेपुढे करतो. 'ते वाक्य परत लावा' ही तर दर पाच मिनिटांची फर्माईश.

फॉरमॅटच्या आधीची एक गोष्ट मात्र फॉरमॅटपेक्षा मोठी आहे: पंखा. पंख्याची घरघर आणि वाऱ्याचा सूं आवाज सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो. कात्रीला कळत नाही की हा पंखा आहे आणि हा 'स'. तिच्या लेखी दोन्ही फसफसच. मग ठरलेल्या बिटांपैकी निम्मे पंखा सांभाळण्यात जातात आणि तुमच्या शब्दांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्याच ६४ केबीपीएसमध्ये शांत खोलीतलं रेकॉर्डिंग सुरेख वाजतं आणि पंख्याखालचं घोगरं. मी रेकॉर्डिंगला साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसते, मागे दोरीवर गोधडी टाकते, पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली त्यात ठेवते. मे महिन्यात हे सुखाचं नाही, पण हजारांच्या माइकने जे साधत नाही ते या गोधडीने साधतं.

फाइल पोचवायच्या वाटेवरही खड्डे आहेत. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती जशी आहे तशी पोचते. पेनड्राइव्ह किंवा कार्ड द्यायचं असेल तर ते फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असू द्या. ६४ जीबीची आणि त्यावरची कार्डं दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात आणि स्वस्त स्पीकरला ती बरेचदा दिसतच नाहीत. अशा स्पीकरला पडदा नसतो, त्यामुळे कुठला धडा वाजतोय ते कळत नाही, आणि कित्येक स्पीकर फाइली नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून एकेक करून, ओळीने कॉपी करते. नावाची सुरुवात इंग्रजी आकड्यांनी आणि प्रत्येक धड्याच्या आरंभी माझ्याच आवाजात, 'धडा पाचवा, जुलाब आणि ओआरएस'. ब्लूटूथ टाळता आलं तर टाळते. त्यावरून जाताना आवाज आणखी एकदा दाबला जातो. कार्ड थेट स्पीकरात घालावं, नाहीतर साधी वायर लावावी. पॉवरपॉइंटमध्ये आवाज घालायचा असेल तर एमफोरए किंवा एमपीथ्री घ्या आणि फाइल स्लाइडच्या आत बसलीय की नुसता पत्ता जोडलाय ते दुसऱ्या लॅपटॉपवर वाजवून बघा. आपल्या लॅपटॉपवर तर काय, सगळंच वाजतं.

वरचा ६४ चा नियम जिथे मोडायचा, त्या जागाही सांगते. एकदा नर्सिंगच्या मुलींना हृदयाचे ठोके ऐकवायचे होते. इथे सगळं उलटं. ठोक्यांचा आवाज अगदी खालच्या पट्टीतला, तिसऱ्या ठोक्यासारखे आवाज तर पन्नास हर्ट्झच्या आसपास आणि त्याखालीही. फोनच्या इवल्या स्पीकरला ते झेपतच नाहीत, फाइल कुठलीही असो. तिथे मूळ वेव्ह किंवा फ्लॅक, आणि प्रत्येकीला बरे हेडफोन. गाण्याच्या वर्गातही तानपुऱ्याचा झंकार ६४ वर मरतो. तिथे स्टीरिओ १९२ किंवा त्याहून वर जावं.

तिसरी जागा मला सगळ्यात आवडते: अमराठी कर्मचाऱ्यांना मराठी शिकवणं. 'चार'मधला 'च' आणि 'चांगला'मधला 'च' लिहायला एकच, उच्चारायला दोन. 'हे जग किती मोठं' मधलं 'जग' आणि 'शंभर वर्षं जग' मधलं 'जग', कागदावर एक काना-मात्रेचाही फरक नाही, सगळा फरक जिभेच्या टोकावर आणि वरच्या पट्टीतल्या त्या बारीक घर्षणात. पुस्तक इथे हात टेकतं, ऑडिओच शिकवू शकतो. आणि कंजूष बिटरेटने नेमकं तेच घर्षण पुसून टाकलं तर शिकणाऱ्याने काय ऐकायचं? अशा धड्यांना मी मोनो ९६ किंवा १२८ ठेवते.

राहिला फोनवरून द्यायचा धडा, म्हणजे नंबर फिरवायचा आणि कॉलवरच ऐकायचं. याला कमी लेखू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सुरू केलेली 'मोबाइल अकॅडमी' आशा कार्यकर्त्यांना अशीच कॉलवरून शिकवते, आणि तिच्या जोडीची 'किलकारी' गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक असे ७२ संदेश घरच्या फोनवर पोचवते. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको, फाइल उघडत नाही ही तक्रारच नाही. पण वाट तीच, टेलिफोनची, ३,४०० हर्ट्झला संपणारी. तुम्ही वेव्ह द्या नाहीतर सोन्याने मढवलेला फ्लॅक, पलीकडे पोचणार तेवढंच. अशा वेळी फॉरमॅटशी झटापट सोडून लिखाण बदलायचं. मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये ठेवायचं, त्याची ८,००० नोंदींची प्रत आपणच आधी काढायची, आणि ती साध्या फोनवर, रस्त्यावर उभं राहून ऐकायची. जो शब्द कळला नाही त्याच्या शेजारी दुसरा शब्द उभा करायचा.

तो जुलाबाचा धडा मी पुन्हा रेकॉर्ड केला. कॉलवरच्या प्रतीत आता मी म्हणते, "सहा, म्हणजे पाचावर एक. एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहा, एवढे सपाट चमचे साखर." ऐकायला जरा बालवाडीसारखं वाटतं. परवा एका ताईंनी तो धडा फोनवर ऐकून वहीत लिहिलेलं दाखवलं. '६' च्या पुढे त्यांनी सहा टिंबं काढली होती.